गोल चेहरा आणि साठीनंतरचा चष्मा: फ्रेम कशी निवडावी?

शेवंती

नमस्कार मंडळी,

माझं वय ६२. चेहरा पहिल्यापासून गोल, आणि आता गाल जरा उतरल्यामुळे आणखीच भरलेला दिसतो. नाक बसकं. चष्मा नववीत लागला तो आजतागायत. दोन्ही डोळ्यांना लांबचा नंबर उणे साडेतीन, आणि चाळिशीचा जो जवळचा नंबर त्यावर चढला तो आता सव्वादोनपर्यंत आला आहे.

सात महिन्यांपूर्वी नवीन प्रोग्रेसिव्ह, म्हणजे लांबचा आणि जवळचा नंबर एकाच काचेत असलेला चष्मा केला. दुकानातल्या मुलीने मोठ्या फ्रेमचाच आग्रह धरला. "काकू, मोठ्या फ्रेममध्ये गोल चेहरा लहान दिसतो," म्हणाली. आरशात बरी दिसली म्हणून घेतली. घरी आल्यावर एकेक कळायला लागलं. हसले की गाल खालून काचांना टेकतात, अख्खी फ्रेम वर उचलली जाते आणि समोरचा माणूस क्षणभर पुसट होतो. काचांच्या खालच्या कडेला कायम क्रीमचा डाग. भाकरी थापायला वाकले की चष्मा परातीत पडायच्या बेतात येतो, मग पिठाच्या हातांनी मनगटाने वर ढकलायचा. संध्याकाळी काढला की नाकाच्या दोन्ही बाजूंना लाल वळ उठलेले असतात, ते रात्री झोपेपर्यंत जात नाहीत.

परत दुकानात गेले तर "सवय होईल" एवढंच उत्तर मिळालं. सात महिन्यांत झाली नाही, आता होणार नाही.

मला दुसरा चष्मा करायचा आहे आणि या वेळी विचार करून करायचा आहे. दिवसाचे सोळा तास ही वस्तू माझ्या चेहऱ्यावर असते. चांगली दिसावी असं मला मनापासून वाटतं, आणि टोचूही नये. गोल चेहऱ्याच्या, साठी ओलांडलेल्या मंडळींनी आपले अनुभव सांगा ना.

नदीकाठ

शेवंती, अगदी माझीच कथा. मी ६७, कोल्हापूर. माझाही चेहरा पुरणपोळीसारखा गोल, आणि मला तो आवडतो.

मी बरीच वर्षं अंडाकृती बारीक सोनेरी फ्रेम लावत होते. केस पांढरे झाल्यावर लक्षात आलं की त्या फ्रेमने चेहरा फिका दिसतो. भुवया विरळ झाल्या, पापण्या पातळ झाल्या, आणि वर फ्रेमही फिकी. लेकीने बळेच वाइन रंगाची, वरच्या बाहेरच्या कोपऱ्यात किंचित उचललेली फ्रेम घालायला लावली. मांजरडोळा म्हणतात तो प्रकार, पण अगदी सौम्य, टोकं काढलेला नाही. वरची कड ठळक, खालची जवळजवळ पारदर्शक. भुवयांचं काम फ्रेमच करायला लागली. बायका विचारायच्या, "केस कापलेस का गं?"

रंग निवडताना दुकानातल्या पांढऱ्या दिव्यांवर विश्वास ठेवू नका. फ्रेम घालून दुकानाच्या दारात या आणि उजेडात बघा. मी लहान आरसा पर्समध्ये घेऊन गेले होते.

वाफाळता_चहा

वाचतोय. आईसाठी हवंच होतं हे.

भिंगवाला

मी ३१ वर्षं चष्म्याच्या दुकानात काउंटरमागे उभा आहे. शेवंतीताई, तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही.

"गोल चेहऱ्याला चौकोनी फ्रेम" हे सगळीकडे सांगतात आणि ते चूक नाही. गोल चेहऱ्याची लांबी-रुंदी जवळपास सारखी असते, हनुवटी आणि जबडा कुठे कोन करत नाहीत, म्हणून थोडी सरळ रेघ आणि थोडा कोपरा मिळाला की चेहऱ्याला आकार येतो. पण साठीनंतर मी आकाराकडे सगळ्यात शेवटी बघतो. आधी नाक, मग गाल, मग कान, मग नंबर, आणि मग आरसा.

नाक: तुमचं नाक बसकं आहे म्हणता. शेलच्या, म्हणजे जाड प्लॅस्टिकच्या फ्रेमला नाकाचा भाग साच्यातूनच आलेला असतो, तो हलत नाही. नाकाचा बांधा वर उठलेला नसेल तर अशी फ्रेम टेकायला जागाच नसते. ती घसरत घसरत गालांवर येऊन बसते. तुमच्याकडे गाल फ्रेमला उचलतात यातलं निम्मं कारण हे असावं. तुम्हाला तारेवर बसवलेले सिलिकॉनचे पॅड हवेत, जे आम्ही पक्कडीने आत-बाहेर, वर-खाली करू शकतो. पॅड मोठे घ्या, वजन जास्त जागेवर पसरतं आणि वळ कमी उठतात. साठीनंतर नाकावरची कातडी पातळ होते, त्यामुळे तिशीत न टोचलेली फ्रेम आता टोचते.

गाल: फ्रेम घालून आरशासमोर खोटं नाही, खरं हसा. काच गालाला लागली तर ती फ्रेम खाली ठेवा, कितीही आवडली तरी. प्रोग्रेसिव्हमध्ये हे फारच महत्त्वाचं. त्या काचेत वर लांबचा नंबर, खाली जवळचा आणि मधे उतरती वाट असते. गालाने फ्रेम वर ढकलली की जवळचा भाग बाहुलीसमोर येतो. समोरचा माणूस पुसट होतो तो याचमुळे, ताई. तुमच्या डोळ्यांत काही बिघाड नाही.

आता एक काम करा. चष्म्याच्या काडीच्या आतल्या बाजूला तीन आकडे असतील, मधे छोटा चौकोन. ते इथे लिहा. आणि डोळ्यांच्या कागदावर पीडी लिहिला असेल तर तोही.

शेवंती

भिंगवाला, किती नीट समजावलंत. डोळ्यांत बिघाड नाही हे वाचून खरंच हलकं वाटलं, ती धास्ती मनात होतीच.

भिंग घेऊन वाचलं: ५६□१६ १४५. शेलची फ्रेम आहे, पॅड नाहीत. पीडी ६० लिहिलाय. किचनच्या काट्यावर ठेवला, ३८ ग्रॅम भरला.

भिंगवाला

सगळं समोर आलं.

५६ म्हणजे एका काचेची रुंदी मिलिमीटरमध्ये. १६ म्हणजे दोन काचांमधलं नाकावरचं अंतर. १४५ ही काडीची लांबी. पीडी म्हणजे तुमच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर, ६० मिमी.

५६ आणि १६ मिळून ७२. म्हणजे या फ्रेमच्या दोन काचांचे मध्य एकमेकांपासून ७२ मिमीवर, आणि तुमचे डोळे ६० वर. प्रत्येक काचेचा मध्य ६ मिमी नाकाकडे सरकवावा लागला. डोळे काचेच्या मधोमध न दिसता नाकाजवळ गोळा झाल्यासारखे दिसतात आणि बाहेर नुसती काच उरते. त्यात तुमचा नंबर उणे. उण्या नंबरची काच मधे पातळ आणि कडेला जाड, जितकी बाहेर जाईल तितकी जाड. शिवाय उण्या काचेतून गालाची आणि कानशिलाची कड आत ओढल्यासारखी दिसते. फ्रेम मोठी असली की ती तुटलेली रेघ समोरच्याला ठळक दिसते. मोठ्या फ्रेममध्ये गोल चेहरा लहान दिसतो हे बिननंबरी गॉगलला लागू पडेल, तुमच्या नंबराला नाही.

तुम्ही ४९-५० च्या आसपास काच आणि १८ ब्रिज, म्हणजे ते नाकावरचं अंतर, बघा. ५० आणि १८ म्हणजे ६८, काच दोन्हीकडे फक्त ४ मिमी सरकवावी लागेल. साध्या १.५ च्या काचेतही (हा काचेचा अपवर्तनांक, तो जितका जास्त तितकी काच पातळ) बाहेरची कड सुमारे १ मिमीने बारीक होईल, १.६ ची घेतलीत तर आणखी. साडेतीन नंबराला १.६७ किंवा १.७४ साठी जादा पैसे मोजायची गरज मला तरी वाटत नाही. ते पैसे चांगल्या प्रतीच्या प्रोग्रेसिव्ह डिझाइनला द्या.

आता तुम्ही म्हणाल, चेहरा रुंद आणि काच लहान, मग फ्रेम कानशिलाला दाबेल. त्यावर उपाय असा की काच लहान पण बाहेरचे कोपरे रुंद असलेली फ्रेम शोधायची, जिची काडी काचेपासून थोडी लांब सुरू होते. काडी वरच्या बाजूला जोडलेली असेल तर आणखी उत्तम, बाजूने बघताना गोल चेहरा उंच वाटतो. बिजागरीला स्प्रिंग असली की रुंद कानशिलांना दाब येत नाही.

काचेची उंची ३० ते ३४ मिमी पुरे. प्रोग्रेसिव्हला बाहुलीपासून खालच्या कडेपर्यंत साधारण १८ मिमी तरी हवेत. त्याहून बुटकी फ्रेम घेतलीत तर वाचायची जागा कापली जाते.

तांबडं_फुटलं

काय सुंदर माहिती! मी ताबडतोब माझ्या काड्या बघितल्या. ५४□१६. आणि पीडी ५८. आता कळलं माझे डोळे नाकाला का चिकटलेत ते.

अवखळ_वारा

मला थोडं वेगळं सांगायचंय. "गोल चेहऱ्याला गोल चष्मा नको" हे मी चाळीस वर्षं ऐकलं आणि मनातून आवडत असूनही गोल फ्रेम कधी घेतली नाही. बाबासाहेबांचा भरला चेहरा आणि गोल चष्मा आपण घराघरांतल्या तसबिरीत बघत आलोय. त्या चष्म्याशिवाय तो चेहरा डोळ्यांपुढे आणूनच बघा. मी गेल्या वर्षी, ६४ व्या वर्षी, काळी गोल फ्रेम घेतली. काच ४६ ची, वरची कड जराशी सपाट. माझ्या आजोबांचा चष्मा असाच होता. मला ती लावली की मी मीच वाटते. नियम माहीत असावेत, पण साठीनंतर आपल्या आवडीसाठी कुणाची परवानगी मागू नये.

भिंगवाला

अवखळ_वारा, पूर्ण अनुमोदन. ४६ ची काच आणि वर सपाट कड, म्हणजे तुम्ही माप आणि रेघ दोन्ही बरोबर घेतलंत. गोल चेहऱ्यावर लहान, तंतोतंत वर्तुळ आणि बारीक तार एवढं एकत्र आलं की गाल मोठे दिसतात. जाड कडेने ते होत नाही.

कडेपठार

मी पुरुष, ७१, चेहरा गोल, डोक्यावर केस नाहीत. केस नसले की फ्रेम हीच चेहऱ्यावरची एकमेव ठळक रेघ असते, त्यामुळे रिमलेस मला शोभत नाही. करड्या रंगाची आयताकृती फ्रेम वापरतो.

पण मी लिहितोय ते कानांबद्दल. तीन वर्षांपासून दोन्ही कानांमागे श्रवणयंत्रं आहेत. कानामागच्या त्या एवढ्याशा खाचेत यंत्र, चष्म्याची काडी आणि प्रवासात मास्कची दोरी, तिघांना बसायचं असतं. जाड शेलची काडी यंत्राला बाहेर ढकलायची आणि कानामागे फोड यायचा. आता काडी बारीक धातूची, टोकाला मऊ आवरण. आधी चष्मा घालायचा, मग यंत्र. काढताना चष्मा दोन्ही हातांनी सरळ पुढे घ्यायचा, एका हाताने बाजूला ओढला की यंत्र उडून पडतं. माझं एकदा बसच्या खिडकीतून गेलं होतं. ज्यांना यंत्र आहे त्यांनी फ्रेम निवडायला यंत्र लावूनच जावं.

परदेशी_पाखरू

लेस्टरहून. इथे इंग्लंडमध्ये साठीनंतर डोळे तपासणी एनएचएस, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेतर्फे मोफत असते, त्यामुळे सासूबाई इथेच स्थायिक झाल्यापासून त्यांचा नंबर मी दर वेळी वेळेवर तपासून घेते. त्यांचंही नाक बसकं. इथे "लो ब्रिज फिट" असं लिहिलेल्या फ्रेम मिळतात, पूर्व आशियाई चेहऱ्यांसाठी म्हणून निघालेल्या, पण आपल्याकडच्या कितीतरी नाकांना त्या बरोबर बसतात. शेलच असते पण नाकाचा भाग उंच केलेला. तिकडेही विचारून बघा, शेल आवडत असेल तर.

नदीकाठ

धातूच्या फ्रेमबद्दल एक: मला दोन वर्षं नाकावर आणि कानामागे खाज आणि पुरळ होती, कितीतरी मलमं झाली. शेवटी त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "खोटे कानातले चालतात का?" नाही चालत. निकेलची अ‍ॅलर्जी निघाली. स्वस्त धातूच्या फ्रेममध्ये निकेल असतं. टायटेनियमची घेतली, पंधरा दिवसांत कातडी साफ. टायटेनियम वजनालाही हलकं.

पैलतीर

मी नेत्रतज्ज्ञ आहे. फ्रेमवर भिंगवाला यांनी इतकं चांगलं लिहिलंय की मी फक्त नंबराबद्दल बोलते.

शेवंतीताई, प्रोग्रेसिव्हवर पैसे घालण्याआधी डोळे पूर्ण तपासून घ्या, नुसता मशीनवरचा नंबर नको. मधुमेह असेल आणि साखर वरखाली होत असेल तर नंबरही हलतो. साखर काही आठवडे स्थिर राहू द्या, मग नंबर काढा. मोतीबिंदू सुरू झाला असेल तर उणे नंबर वाढू शकतो. शस्त्रक्रिया जवळ आली असेल तर महागडा चष्मा आत्ता करू नका, कारण नंतर नंबर पूर्ण बदलतो आणि नवा चष्मा साधारण चार ते सहा आठवड्यांनी देतात. डोळ्यांचा दाब आणि पडदा याच भेटीत बघून घ्या. काचबिंदू बहुतेक वेळा काहीही न दुखता येतो.

आणि सगळ्यांना: प्रोग्रेसिव्ह किंवा बायफोकल घालून जिना उतरताना हनुवटी खाली घेऊन वरच्या भागातून पायरी बघा. नुसते डोळे खाली नेले तर जवळच्या नंबरातून पायरी पुसट दिसते आणि पाऊल चुकतं. या वयातलं पडणं साधं नसतं.

वाफाळता_चहा

आईला प्रोग्रेसिव्हमध्ये गरगरतं. बायफोकलच बरा का?

भिंगवाला

गरगरणं दोन आठवड्यांत जायला हवं, मात्र त्या काळात अधूनमधून जुना चष्मा लावायचा नाही. नाही गेलं तर आधी माप तपासा. प्रोग्रेसिव्ह काचेवर पुसट कोरलेल्या दोन खुणा असतात, एकमेकींपासून ३४ मिमीवर. त्यांवरून आम्ही काचेचा मध्य पुन्हा आखून तो आईंच्या बाहुलीसमोर येतो का ते बघू शकतो. कुठल्याही चांगल्या दुकानात पाच मिनिटांत करून देतील. माप बरोबर असूनही त्रास होत असेल तर बायफोकल घ्यावा, त्यात कमीपणा नाही.

शेवंती

मंडळी, तीन आठवड्यांनी येतेय, पण झालं काम.

आधी डोळे तपासले. साखर नाही, मोतीबिंदू अगदी सुरुवातीचा, डॉक्टर म्हणाल्या आत्ता काही करायचं नाही. नंबर तोच. मग तीन दुकानं फिरले, पहिल्या दोन्हीत फ्रेम घेतली नाही. तिसऱ्या दुकानात एक वयस्कर गृहस्थ होते, त्यांना मी तुमचे आकडे सांगितले तर त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि मागचं कपाट उघडलं. ५०□१८ १४०. वरची कड गर्द जांभळट, बाहेर किंचित उचललेली, खाली कड नाही, नुसता दोरा, ज्याला सुप्रा म्हणतात ती. नाकाला मोठे सिलिकॉनचे पॅड. कोपरे रुंद, काडी वरून निघालेली.

मी हसून बघितलं. गाल लागले नाहीत. खाली वाकून खुर्चीखालची पिशवी उचलली. चष्मा जागेवर. दारात जाऊन आरशात बघितलं, आणि खरं सांगते, मला माझा चेहरा आवडला.

त्यांनी माप घेताना मला नेहमीसारखं बसायला सांगितलं, मान ताठ करून नाही. समोर बसून, डोळा माझ्या डोळ्याच्या पातळीवर आणून त्यांनी दुकानाच्या साध्या काचेवर पेनाने दोन ठिपके दिले. मागच्या वेळी हे कोणी केलंच नव्हतं, फ्रेम नुसती आत नेली होती. काचा बसवून आल्यावर त्यांवर पिवळ्या शाईच्या फुल्या होत्या. त्या पुसायच्या आधी त्यांनी चष्मा घालायला लावला आणि फुली बाहुलीवर येते ते मलाही आरशात दाखवलं. मग काडीचं टोक गरम हवेवर धरून कानामागे वळवलं, तीनदा काढून घालून बघितलं. डावा कान माझा थोडा वर आहे म्हणे. ६२ वर्षांत पहिल्यांदा कळलं.

वजन २२ ग्रॅम. पहिले चार दिवस कडेचं जरा हललं, जिन्यावर पैलतीरताईंचं ऐकून हनुवटी खाली ठेवली. आता जाणवत नाही. भाकऱ्या थापल्या, मनगट लावावं लागलं नाही. वळ उठतात पण फिके, अर्ध्या तासात जातात.

तांबडं_फुटलं

वाचून इतका आनंद झाला! खर्च किती आला साधारण? आणि धुता कसा?

शेवंती

काचा फ्रेमच्या दुपटीहून महाग पडल्या, भिंगवालांनी सांगितलं तसंच. जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय, तो बिलात बघून घ्या. धुवायला नळाचं साधं पाणी आणि भांड्याच्या पातळ साबणाचा एक थेंब. गरम पाणी नको, वरचं कोटिंग तडकतं म्हणाले. पदराने कोरडा पुसायची सवय मात्र मोडायला वेळ लागतोय.

नदीकाठ

शेवंती, पेटी वाजवतेस असं एकदा लिहिलं होतंस. वहीचं कसं जमतं प्रोग्रेसिव्हमध्ये? मला तंबोरा घेऊन चोपडी वाचताना मान वर करावी लागते.

शेवंती

हो, तेच झालं. पेटीवरची वही लांबही नाही आणि जवळही नाही, दीड हातावर. प्रोग्रेसिव्हमध्ये ती मधल्या अरुंद वाटेत येते, म्हणून आपण मान वर करून ती जागा शोधत बसतो. त्या गृहस्थांनाच विचारलं. कपाटात माझी दहा वर्षांपूर्वीची लहान धातूची फ्रेम होती, पॅड हिरवे पडलेले. त्यांनी पॅड बदलले आणि त्या अंतरापुरता एकच नंबर, उणे सव्वादोन, साध्या काचेत बसवून दिला. काल गुरुवारच्या भजनाला तो लावून बसले. वहीतली ओळ आणि खालच्या पट्ट्या दोन्ही स्वच्छ दिसल्या, मान एकदाही उचलावी लागली नाही. तुझ्या तंबोऱ्याचं अंतर घरी टेपने मोजून ने, ते आधी विचारतात.